बेपत्ता माणसाच्या शोधासाठी आपला डीएनए देताना: जेडमॅच सेवेविषयी तीन वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

आमचे बाळकाका बोटीवर होते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या गावांत एवढे सांगितले की माणूस काय करतो, वर्षातले किती महिने घरी असतो आणि त्याच्या आईचा जीव कुठे अडकलेला असतो, हे वेगळे सांगावे लागत नाही. १९८४ साली न्यू ऑर्लिन्स बंदरातून त्यांचे शेवटचे पत्र आले, त्यात गणपतीला घरी यायचा बेत लिहिला होता, आणि त्यानंतर बोट त्यांना न घेताच पुढे गेली. कंपनीने घरी पाठवलेल्या पत्रात ‘बंदरात उतरले, परत आले नाहीत’ एवढाच मजकूर होता. पुढे आजी गेली, माझे वडील गेले, आणि आता त्या भावंडांपैकी एकटी आत्या उरली आहे. तिचे वय ब्याऐंशी आहे. मी गेली वीस वर्षे ओहायो राज्यात राहते. काकांचा माग लागलाच तर तो या देशातल्या कुठल्या तरी नोंदीत लागेल, या विचाराने तीन वर्षांपूर्वी मी जेडमॅच या संकेतस्थळावर आधी माझा आणि मग आत्याचा डीएनए अपलोड केला. ज्यांच्या घरातले कुणी परदेशात नाहीसे झाले आहे, किंवा आपला डीएनए कुणा अनोळखी मृताची ओळख पटवायला उपयोगी पडावा असे ज्यांना वाटते, अशा अमेरिकेतल्या मराठी माणसांसाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

जेडमॅच ही डीएनए तपासणारी प्रयोगशाळा नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. कर्टिस रॉजर्स आणि जॉन ओल्सन या वंशावळींचा छंद असलेल्या दोघांनी २०१० साली ते सुरू केले. वेगवेगळ्या कंपन्यांकडून तपासणी करून घेतलेल्या लोकांना आपापली माहिती एका ठिकाणी आणून ताडून पाहता यावी, एवढाच त्यामागचा हेतू होता. अ‍ॅन्सेस्ट्री किंवा ट्वेंटीथ्री अँड मी यांसारख्या मोठ्या कंपन्या आपल्या संग्रहात पोलिसांना शोध घेऊ देत नाहीत. त्यामुळे तिथे लाळेचा नमुना दिला म्हणजे आपला डीएनए बेवारस मृतदेहांशी ताडला जाईल, असे जर कुणी समजत असेल तर तो गैरसमज आहे. त्यासाठी आपल्या खात्यातून कच्च्या माहितीची फाइल स्वतः उतरवून घ्यावी लागते आणि जिथे अशी तुलना चालते तिथे ती स्वतः नेऊन ठेवावी लागते. जेडमॅचखेरीज ह्यूस्टनची फॅमिलीट्रीडीएनए आणि टेक्सासमधल्याच ऑथ्रॅम या प्रयोगशाळेचा डीएनएसॉल्व्हज हा संग्रह, ही अशी आणखी दोन ठिकाणे आहेत. त्यांपैकी डीएनएसॉल्व्हजवर फाइल दिल्यावर आपल्याला नातेवाइकांची यादी पाहायला मिळत नाही, ती केवळ तपासासाठी वापरली जाते. वंशावळीत रस नसलेल्या माणसाला ते कदाचित अधिक सोयीचे वाटेल.

ती फाइल मी अपलोड करण्याआधी एकदा उघडून पाहिली होती. वरच्या काही ओळींत सूचना, आणि त्याखाली सहा लाखांहून अधिक ओळींचा एक अखंड तक्ता: प्रत्येक ओळीत आरएस या अक्षरांनी सुरू होणारा एक क्रमांक, गुणसूत्र कितवे ते, त्यावरची जागा, आणि शेवटी दोन अक्षरे, ए ए, सी टी, जी जी. माझ्या आजीच्या डोळ्यांचा रंग, आजोबांचे लवकर पांढरे झालेले केस आणि बहुधा काकांचेही बरेच काही त्या अक्षरांत आहे, हे जाणवल्यावर मी ती फाइल तशीच बंद केली आणि अपलोड करायला आणखी आठवडा घेतला. तो आठवडा वाया गेला असे मला वाटत नाही. प्रत्यक्ष अपलोड दहा मिनिटांत होते, तुलना पूर्ण व्हायला साधारण दिवसभर लागतो, आणि मूळ सुविधा विनामूल्य आहेत. अधिक बारकाईने शोध घ्यायचा असेल तर त्यासाठी मासिक वर्गणी आहे, परंतु बेपत्ता माणसाच्या शोधासाठी ती भरण्याची गरज मला तरी पडली नाही.

अपलोड करताना जो पर्याय निवडायला सांगितला जातो, तिथे मात्र घाई करू नये. पर्याय चार आहेत. ‘खासगी’ म्हणजे कुणाशीच तुलना नाही. ‘संशोधन’ म्हणजे आपण इतरांना पाहू शकतो, इतरांना आपण दिसत नाही. उरलेले दोन्ही सार्वजनिक आहेत, आणि त्यांतला फरक पोलिसांच्या संदर्भात आहे: एकात खून, बलात्कार यांसारख्या हिंसक गुन्ह्यांच्या तपासासाठी तुलना करायला आपण संमती देतो, दुसऱ्यात ती नाकारतो. जी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही ती अशी, की जानेवारी २०२१ मध्ये बदललेल्या अटींनुसार अनोळखी मृतांची ओळख पटवण्यासाठी होणारी तुलना या दोन्ही सार्वजनिक प्रकारांशी होते. म्हणजे गुन्ह्यांच्या तपासाला नकार दिला तरी बेवारस मृतदेहाचे नाव शोधण्याच्या कामी आपली माहिती येतेच. ज्याला हेही नको असेल त्याने पहिल्या दोनांपैकी पर्याय निवडावा. पडद्यावरच्या दोन ओळींत हा सगळा भेद नीट समजत नाही, आणि इतक्या गंभीर निवडीसाठी इतका त्रोटक मजकूर द्यावा, हा या सेवेतला मला सर्वांत मोठा दोष वाटतो.

हे काम प्रत्यक्षात कसे घडते याचे उदाहरण आमच्या राज्यातलेच आहे. डेटनहून उत्तरेला जाताना ट्रॉय हे गाव लागते. त्या मायामी काउंटीत एप्रिल १९८१ मध्ये रस्त्याकडेला एका तरुणीचा मृतदेह सापडला. अंगात हरणाच्या कातड्याचे, झालर लावलेले जाकीट होते, त्यावरून तिला ‘बकस्किन गर्ल’ म्हणू लागले. पुढची ३७ वर्षे तिला दुसरे नाव नव्हते. कॉलीन फिट्झपॅट्रिक आणि मार्गारेट प्रेस यांनी २०१७ मध्ये स्थापन केलेल्या डीएनए डो प्रोजेक्ट या स्वयंसेवी संस्थेने १९८१ पासून जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यावरून तिच्या डीएनएची प्रोफाइल, म्हणजे वर सांगितली तशी फाइल, तयार करून घेतली, ती जेडमॅचवर टाकली, आणि तिच्या जवळच्या नात्यातल्या एका व्यक्तीने आधीच आपला डीएनए तिथे ठेवलेला असल्यामुळे काही तासांतच तिची ओळख पटली. ती आर्कान्सा राज्यातली, एकवीस वर्षांची मुलगी होती. मुलीचा कधी तरी फोन येईल म्हणून तिच्या आईने घर सोडले नव्हते आणि फोनचा क्रमांकही बदलला नव्हता, असे त्या वेळी सांगण्यात आले. आमच्या आजीने गावातल्या घराचा पुढचा दरवाजा दुरुस्त करताना कडी बदलू दिली नव्हती, कारण बाळला जुनी कडी बाहेरून कशी काढायची ते ठाऊक होते. त्यामुळे ही बातमी वाचल्यावर मला जे वाटले ते मी इथे शब्दांत मांडण्याचा प्रयत्न करत नाही.

त्या मुलीच्या बाबतीत जे काही तासांत झाले ते सर्वांच्या बाबतीत होत नाही, आणि त्याचे कारण नात्याच्या अंतरात आहे. दोन माणसांत किती डीएनए समाईक आहे ते सेंटिमॉर्गन या मापात मोजतात. सख्ख्या भावंडांत ते सरासरी २६०० च्या आसपास असते, काका-पुतणीत १७०० च्या आसपास, सख्ख्या चुलत भावंडांत ८७० च्या आसपास. पणजोबा एक असलेल्या भावंडांत ते २३० पर्यंत उतरते आणि त्याच्याही पुढच्या पिढीत ७० वर येते, इतके की अशा दहांतल्या एखाद्या जोडीत समाईक भाग सापडतही नाही. जवळचा माणूस यादीत असला तर नाव तत्काळ कळते. दूरचेच असले तर त्या दूरच्या प्रत्येकाची वंशावळ वर पणजोबा-खापरपणजोबांपर्यंत नेऊन, तिथून पुन्हा खाली सर्व शाखा उतरवत, ज्या घरात त्या दोन-तीन शाखा एकत्र येतात ते घर शोधावे लागते. हे काम महिनोन्‌महिने चालते.

आपल्यासारख्यांच्या बाबतीत यात दोन अडचणी आहेत, आणि त्या या संकेतस्थळाच्या मदतीच्या पानावर सापडणार नाहीत. पहिली अशी, की हा संग्रह मुख्यतः युरोपीय वंशाच्या अमेरिकी लोकांचा आहे. त्यांच्यापैकी साठ टक्क्यांहून अधिक लोकांना सुमारे तेरा लाख प्रोफाइलच्या संग्रहात खापरपणजोबा एक असलेले किंवा त्याहून जवळचे कुणी तरी सापडू शकेल, असे २०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातल्या एका अभ्यासात दाखवले गेले. माझ्या यादीत मात्र आत्या सोडली तर शंभर सेंटिमॉर्गनच्या वर एकही माणूस नाही. या देशात एखाद्या मराठी, गुजराती किंवा तेलुगू माणसाचा मृतदेह निनावी राहिला तर त्याचे कुणी यादीत असण्याची शक्यता किती कमी आहे, हे यावरून समजावे. आणि म्हणूनच घरात कुणी बेपत्ता नसलेल्यांनीही आपला डीएनए इथे ठेवण्याचा विचार करावा, असे मी मनापासून सुचवते.

दुसरी अडचण आपल्या सोयरिकींची आहे. आमच्या आजोबांचे लग्न त्यांच्या सख्ख्या मामाच्या मुलीशी झाले होते, आणि त्यांच्या आधीच्या पिढ्यांतही त्याच पाच-सहा गावांतल्या, त्याच सात-आठ घरांत मुली दिल्या-घेतल्या गेल्या. जेडमॅचवर ‘आई-वडील एकमेकांचे नातेवाईक आहेत का’ हे पाहण्याची सोय आहे; आत्याच्या प्रोफाइलवर ती वापरली तेव्हा दोन्ही बाजूंनी सारखेच आलेले लांबच लांब तुकडे पडद्यावर दिसले, आणि आत्या ते पाहून म्हणाली, “अगं, हे मी तुला चहा पिता पिता सांगितलं असतं.” अशा घराण्यांत दोन माणसे प्रत्यक्षात असतात त्याहून जवळची भासतात. यादीत पणजोबा एक असलेला भाऊ म्हणून जो दिसतो तो खरे तर चार ठिकाणांहून लांबचा नातेवाईक असतो. अमेरिकेतही हा अनुभव आला आहे. वॉशिंग्टन राज्यात २००१ मध्ये खोट्या नावाने खोली घेऊन जीव दिलेल्या एका तरुणाची ओळख २०१८ मध्ये पटली, पण त्याची मुळे न्यू मेक्सिकोतल्या पिढ्यान्‌पिढ्या आपसांत लग्ने होत आलेल्या समाजात असल्याने स्वयंसेवकांना त्यासाठी फार कष्ट पडले. अशा गुंत्यात संगणकापेक्षा कागद उपयोगी पडतो. कोकणातल्या पुष्कळ घराण्यांचे छापील कुलवृत्तांत आहेत, आणि ज्यांचे नाहीत त्यांनी निदान त्र्यंबकेश्वरी आपल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. आमच्या पणजोबांच्या तीन भावांची नावे, जी घरात कुणालाच सांगता येत नव्हती, ती मला तिथल्या नामावळीत मिळाली. पणजोबा क्रियाकर्मासाठी गेले तेव्हाची त्यांची स्वतःच्या हाताची सही तिथे होती. ती वंशावळ मी जेडमॅचवर जोडून ठेवली आहे. वंशावळ न जोडता केवळ डीएनए ठेवणे म्हणजे पत्ता न लिहिता पाकीट पेटीत टाकणे होय.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा अभिप्राय लिहायला घेतला तिच्याकडे येते. पहिले वर्षभर मी समजत होते की माझा डीएनए यादीत आहे म्हणजे आमच्या बाजूचे काम झाले. ते तसे नव्हते. चाळीस वर्षे उघड्यावर किंवा मातीत राहिलेल्या हाडांतून पेशीच्या केंद्रातला डीएनए पुरेसा मिळेलच असे नसते. पुष्कळदा मिळतो तो मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या सूक्ष्म भागांतला डीएनए, कारण त्याच्या प्रती प्रत्येक पेशीत शेकड्यांनी असतात. हा डीएनए केवळ आईकडून येतो. आजीचा तो डीएनए काकांत होता, माझ्या वडिलांत होता आणि आत्यात आहे. माझ्यात नाही, कारण माझ्यात माझ्या आईचा आला. म्हणजे काकांच्या हाडांतून एवढेच हाती लागले तर मी, त्यांची सख्खी पुतणी, त्यांच्याशी ताडून पाहण्याच्या दृष्टीने परकी आहे, आणि सर्वांत उपयोगी नमुना ब्याऐंशी वर्षांच्या एका बाईच्या गालाच्या आत आहे. हे ज्या दिवशी मला कळले त्याच दिवशी मी आत्याच्या व्हिसाच्या कामाला लागले.

शिवाय असा नमुना देण्याची योग्य जागा जेडमॅच ही नव्हे. अमेरिकेत बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृतदेह यांची नॅमअस नावाची राष्ट्रीय नोंदप्रणाली आहे. ती न्याय खात्याच्या निधीतून चालते आणि कुटुंबांना ती विनामूल्य आहे. तिच्याच आकडेवारीनुसार या देशात दरवर्षी सुमारे ४४०० अनोळखी मृतदेह सापडतात आणि त्यांतल्या सुमारे १००० जणांची ओळख वर्ष उलटले तरी पटलेली नसते. बेपत्ता माणसाच्या आई-वडिलांचा, मुलांचा किंवा सख्ख्या भावंडांचा नमुना पोलिसांमार्फत घेतला जातो, गालाच्या आतून बोळा फिरवून, आणि त्याची प्रोफाइल एफबीआयच्या कोडिस या संग्रहात वेगळ्या कप्प्यात ठेवली जाते. या नमुन्यांची तुलना बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृतदेह यांच्याशीच होते, गुन्ह्यांच्या ठिकाणी मिळालेल्या नमुन्यांशी होत नाही. पुष्कळ कुटुंबे भीतीपोटी मागे राहतात, म्हणून हे मी मुद्दाम लिहिते. कोडिसमध्ये डीएनएतल्या मोजक्या, सध्या वीस, ठरावीक जागा पाहतात. त्यावरून आई, मूल, भाऊ ओळखता येतो, चुलत भाऊ ओळखता येत नाही. जेडमॅचवर लाखो जागा पाहतात, म्हणून तिथे दूरचा नातेवाईकही कामाला येतो. त्यामुळे माझे मत असे आहे: सख्खे भावंड, आई-वडील किंवा मुले हयात असतील तर आधी पोलिसांमार्फत त्यांचा नमुना द्यावा, आणि जेडमॅच त्यानंतर; पुतणे, भाचे, चुलत-मावस भावंडे यांच्यासाठी मात्र जेडमॅच हाच खरा मार्ग आहे.

पोलिसांकडचा अनुभव सोपा नव्हता. काकांची तक्रार १९८४ साली या देशात कुणी नोंदवलीच नव्हती, आणि तक्रारीचा क्रमांक असल्याशिवाय नमुना घेता येत नाही. एका कार्यालयाने सांगितले की खलाशी हा इथला रहिवासी नाही. दुसऱ्याने सांगितले की इतक्या वर्षांनी तक्रार घ्यायला कारण लेखी द्या. मी काकांचे ते शेवटचे पत्र, कंपनीचे कळवणे आणि त्यांच्या खलाशी-पुस्तिकेची छायाप्रत जोडून दिली, आठ महिने पाठपुरावा केला, आणि अखेरीस एका वयस्कर अधिकाऱ्याने तक्रार नोंदवून घेतली. त्याने आत्याला खुर्ची दिली, बोळा फिरवण्यापूर्वी तिची रीतसर परवानगी विचारली आणि मला ती मराठीत सांगायला लावली. आत्याने त्याला हात जोडून नमस्कार केला. एवढ्या चाळीस वर्षांत तिला तिच्या भावाविषयी सरकारी माणसाने विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

लाळेच्या नमुन्याचेही एक सांगायला हवे. नमुना देण्याआधी अर्धा तास काही खायचे-प्यायचे नसते, आणि म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाला आधीच कोरड असते. आत्याची पहिली नळी पुरेशी लाळ नसल्याने कंपनीने परत कळवली आणि दुसरी येईपर्यंत दीड महिना गेला, तिच्या सहा महिन्यांच्या मुक्कामातला दीड महिना. दुसऱ्या वेळी मी तिच्यासमोर चिंच आणि गूळ घालून आमटीला फोडणी दिली आणि तिला गाल आतून हलके चोळायला सांगितले. नळी खुणेपर्यंत भरली. घरात वयस्कर कुणी असेल तर हा नमुना आज घ्या, पुढच्या भेटीवर ठेवू नका.

या सेवेवर कितपत विश्वास ठेवावा, या प्रश्नाचे उत्तर देताना मला तिचा पूर्वेतिहास लपवून चालणार नाही. एप्रिल २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातला ‘गोल्डन स्टेट किलर’ म्हणून ओळखला जाणारा खुनी या संग्रहाचीही मदत घेऊन पकडला गेला, आणि त्याआधी बहुतेक वापरकर्त्यांना पोलीस तिथे शोध घेऊ शकतात याची कल्पनाच नव्हती. पुढे युटामधल्या एका हल्ल्याच्या तपासात, जेडमॅचने स्वतःच्या अटींत न बसणाऱ्या गुन्ह्यासाठी परवानगी दिल्यावर टीका झाली, आणि मे २०१९ मध्ये दहा लाखांहून अधिक प्रोफाइल एकदम पोलिसांसाठी बंद करून प्रत्येकाची संमती नव्याने मागावी लागली. त्याच वर्षी फ्लोरिडातल्या न्यायालयाने संपूर्ण संग्रह तपासण्याचा आदेश दिला, म्हणजे न्यायालयापुढे आपल्या निवडीची मातब्बरी मर्यादित आहे हे उघड झाले. जुलै २०२० मध्ये घुसखोरांनी सर्वांची निवड बदलून टाकली आणि सुमारे तीन तास नकार दिलेलेही पोलिसांना दिसत राहिले. २०२३ मध्ये असेही समोर आले की काही वंशावळ-तज्ज्ञ एका पळवाटेतून नकार दिलेल्यांची माहिती पाहत होते. मालकीही दोनदा बदलली: डिसेंबर २०१९ मध्ये व्हेरोजेन, जानेवारी २०२३ मध्ये कियाजेन. छंद म्हणून उभे राहिलेले संकेतस्थळ आज एका बहुराष्ट्रीय कंपनीचे आहे, आणि उद्या ते कुणाचे असेल हे आपल्या हाती नाही. खाते आणि प्रोफाइल कधीही काढून टाकता येते, ही त्यातली जमेची बाजू आहे.

आणि हा निर्णय एकट्याचा नसतो. माझी प्रोफाइल म्हणजे माझ्या भावाचा अर्धा, माझ्या मुलांचा अर्धा डीएनए. रत्नागिरीतल्या माझ्या चुलतभावाने स्पष्ट नकार दिला. त्याचे म्हणणे असे की भारतात याविषयीचे डीएनए तंत्रज्ञान विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि २०२३ मध्ये मागे घेतले गेले, तेव्हा उद्या काही घडले तर दाद कुठे मागायची? त्याचा मुद्दा मला पटतो, आणि त्याचा नमुना मी पुन्हा मागितला नाही. आत्याने मात्र वेगळाच प्रश्न विचारला होता. “बाळला सापडायचं नसेल तर?” बोटीवरून उतरून कुणी नवे आयुष्य सुरू करू शकतो, आणि सज्ञान माणसाला तो अधिकार आहे. जेडमॅचवर बेवारस मृतदेहाची तुलना होते, हयात माणसाला कुणी हुडकून काढत नाही, हे मी तिला समजावले. पण खरे सांगायचे तर, काकांच्या एखाद्या नातवाने कुतूहल म्हणून लाळेची नळी पाठवली आणि फाइल तिथे अपलोड केली, तर तोही आमच्या यादीत येऊ शकतो. आत्या थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “आला तर येऊ दे. काही विचारणार नाही मी त्याला.” पर्याय निवडताना तिने गुन्ह्यांच्या तपासाला नकार दिला: “मी भावासाठी देते आहे, कुणाला पकडून द्यायला नाही.” मी माझ्या प्रोफाइलवर होकार दिला आहे. एकाच घरात दोन वेगळी उत्तरे असू शकतात, आणि सेवा ती पाळते, हे चांगले आहे.

एक मर्यादा शेवटी सांगणे भाग आहे, कारण ती कळल्याशिवाय वाट पाहणे फार जड जाते. आपण आपली बाजू भरली तरी दुसऱ्या बाजूला हाडे तपासलेली असली पाहिजेत. जुन्या हाडांतून लाखो जागांची प्रोफाइल तयार करायला एकेका प्रकरणामागे हजारो डॉलर लागतात; त्यासाठी डीएनए डो प्रोजेक्टसारख्या संस्था देणग्या गोळा करतात, आणि अनेक काउंटींच्या शवागारांत खोकी अजून न उघडता पडून आहेत. आमच्या यादीत काही न दिसण्याचा अर्थ काका तिथे नाहीत असा होत नाही. म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर ते मासिक वर्गणीवर न करता अशा एखाद्या निधीला द्यावेत, असे मी सुचवेन; आम्ही दरवर्षी काकांच्या वाढदिवशी ते करतो.

पोलिसांसाठी जेडमॅच प्रो नावाचे वेगळे दालन आहे, आणि तिथे ठेवलेल्या मृतांच्या प्रोफाइल आपल्या यादीत आपल्याला दिसत नाहीत. जुळले तर ते त्यांना दिसते, आणि मग ते आपण दिलेल्या पत्त्यावर ई-मेल करतात. त्यामुळे खात्याला जोडलेला ई-मेल जिवंत ठेवणे हेच वापरकर्त्याचे खरे काम उरते. आम्ही त्यासाठी निराळा पत्ता काढला आहे. त्याचा पासवर्ड माझ्याकडे, माझ्या मुलीकडे आणि रत्नागिरीत आत्याच्या सुनेकडे आहे, आणि दर रविवारी तिघींपैकी कुणी तरी तो उघडून, स्पॅमचा कप्पाही पाहून, आत्याला फोन करते.